एकशे साठच्या मागे

मंगळवार, १२ ऑगस्ट

पुन्हा एकशे बावन्न! लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेची चौथी सराव परीक्षा, चौथ्यांदा तोच आकडा. वाचनाचा विभाग ठीक गेला. तर्काच्या दोन विभागांत मिळून एकोणीस चुका. एकोणीस! अठरा वर्षं मी कोर्टात स्टेनो म्हणून बसते, वकिलांचे वाद ऐकून कान किटले, आणि चार ओळींच्या उताऱ्यात लिहिणाऱ्याचं कुठं चुकलं ते मला सांगता येत नाही.

घरबसल्या शिकता येईल असं एकच लॉ स्कूल मला जमण्यासारखं आहे, कारण बाबांना एकटं टाकून मी कुठं जाणार नाही. तिथं एकशे साठच्या खाली दारात उभं करत नाहीत. परीक्षा ४ ऑक्टोबरला. पुढच्या वर्षी बघू म्हणावं तर थोरसन जजसाहेब वसंतात निवृत्त होऊन ॲरिझोनाला चालले, आणि शिफारसपत्र मागावं असं दुसरं कुणी मला नाही. म्हणजे या वर्षी नाही तर नाहीच.

पहाटे साडेपाचला लमारचा व्हिडिओ कॉल. तो ग्रीन बेच्या कागद गिरणीत, मी इथं सुपीरियर सरोवराच्या काठावर. ओळख अभ्यासाच्या ऑनलाइन गटातली, समोरासमोर कधी भेटलेलो नाही. त्याला माझी चुकांची वही बघायची होती. गटातले सगळे ठेवतात ही वही – कोणता प्रश्न चुकला ते नाही, आपण चुकीचं उत्तर का उचललं ते लिहायचं. मी एकेक पान कॅमेऱ्यासमोर धरलं. त्याने शेवटपर्यंत बघितली. मग म्हणाला, "कोर्टवाल्या बाई, तुम्ही प्रश्न सोडवतच नाही. तुम्ही तो टाइप करता."

फोन ठेवल्यावर अर्धा तास धुसफुसत होते.

बुधवार, १३ ऑगस्ट

त्याचं बरोबर आहे. मेला.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. उताऱ्यात "नदीकाठची अस्वलं" असं असलं की ज्या पर्यायात "नदीकाठची अस्वलं" आहे त्यावर माझं बोट. दरवेळी! बरोबर उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्याच शब्दांत असतं, आणि ते मला परकं वाटतं म्हणून मी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

नवल काय त्यात. मिनिटाला सव्वादोनशे शब्द – कानातून आत, बोटांतून बाहेर. मध्ये डोकं लागत नाही, लागलं तर घोटाळा होतो. साक्षीदार खोटं बोलतोय का, वकील बाष्कळ बोलतोय का, ते माझं काम नव्हे. सुरुवातीला एका साक्षीने मला रडू आलं होतं, तेव्हा थोरसनसाहेब म्हणाले होते, "मार्लिस, तू या खोलीतली एकमेव व्यक्ती आहेस जिला मत नाही. तेच तुझं मोल." मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता!

आता हेच मोल परीक्षेत नडतंय.

मंगळवार, १९ ऑगस्ट

लमारची नवी शिस्त. पर्याय हाताने झाकायचे. उतारा वाचायचा, मग त्यातल्या युक्तिवादातली फट आपल्या शब्दांत, तोंडाने, कुणाला तरी सांगायची. मगच हात काढायचा.

"कुणाला सांगू?"

"घरात कोण आहे?"

"बाबा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. खाणीत होते."

"उत्तम. खाणीतल्या माणसाला बनवणं सोपं नसतं."

शनिवार, २३ ऑगस्ट

सॉनात वाफ घेऊन झाल्यावर बाबा ओसरीत सॉसेज भाजत बसले होते, केस ओले, अंगावर तो भोकं पडलेला गाऊन. मी शेजारी वही घेऊन. वाचून दाखवलं – ज्या गावांत ग्रंथालय आहे तिथं चोऱ्या कमी होतात, म्हणून प्रत्येक गावात ग्रंथालय बांधलं तर चोऱ्या कमी होतील.

बाबा सॉसेज उलटत म्हणाले, "असेल. मग?"

"मग काय मग? यात चूक काय ते सांगायचंय."

"खाण चालू होती तेव्हा आपल्याकडे ग्रंथालय होतं, बँड होता, दोन दंतवैद्य होते. खाण बंद झाली, सगळं गेलं. चोऱ्या तेव्हापासून. पुस्तकांचा काय संबंध?"

मी हात काढला. चौथा पर्याय – दोन्ही गोष्टींमागे तिसरंच कारण असू शकतं याकडे लेखक दुर्लक्ष करतो. बरोबर! अभ्यासाची पुस्तकं चाळून चाळून माझी बोटं काळी झाली आणि या माणसाने एका सॉसेजमध्ये उत्तर दिलं. मी त्यांच्या कपाळाची पापी घेतली. "धूर लागेल, पोरी, सरक," म्हणाले.

रविवार, २४ ऑगस्ट

बारा प्रश्न, बारा वेळा "असेल. मग?" दोनच चुकले.

शनिवार, ३० ऑगस्ट

एकशे छप्पन्न!! तर्कात तेरा चुका. बाबांना सांगितलं. म्हणाले, "म्हणजे अजून तेरा आहेत."

बुधवार, ३ सप्टेंबर

एक विचित्र गोष्ट व्हायला लागली आहे. कोर्टात मला ऐकू यायला लागलंय.

म्हणजे अर्थ ऐकू येतो. आज सरकारी वकील ब्रँट (तरुण, पुलापलीकडून, राज्याच्या दक्षिण भागातून आलेला, बूट कायम चकचकीत) म्हणाला की आरोपीने आधी दोनदा दंड भरलाय, म्हणजे या वेळीही दोष त्याचाच. आणि माझ्या डोक्यात बाबा बोलले, असेल, मग? बोटं अडखळली. एक अख्खा शब्द गाळला मी! अठरा वर्षांत पहिल्यांदा. नंतर भरला.

दुपारी थोरसनसाहेबांना पत्राचं विचारलं. चष्मा वर करून म्हणाले, "आनंदाने. तुझ्याविषयी वाईट लिहायचं म्हटलं तरी काही सापडणार नाही." मग म्हणाले, "आकडा आण आधी."

सोमवार, ८ सप्टेंबर

एकशे अठ्ठावन्न. दोन कमी. दोन! झोप नीट नाही, जेवताना पाय हलतोय, बाबांनी टेबलाखालून लाथ मारली. घरभर वह्या. भाकरीला लोणी लावताना मी त्या लोण्याशी वाद घालते.

गुरुवार, ११ सप्टेंबर

आज जे झालं ते इथंच लिहीन, दुसरीकडे कुठंही नाही.

रॉय लाहतीची प्राथमिक सुनावणी. रॉय म्हणजे शाळेची बस चालवणारा, बावन्न वर्षांचा. व्हर्न सालोच्या रानातल्या केबिनवर हिवाळ्यात लक्ष ठेवतो, छतावरचं बर्फ काढतो. जानेवारीत केबिनमधून व्हर्नच्या दोन रायफली गेल्या. दार फुटलेलं नाही, खिडकी शाबूत. चाव्या दोनच – एक व्हर्नकडे, एक रॉयकडे. म्हणून रॉय चोर. खटला उभा राहील एवढा पुरावा आहे का, इतकंच आज ठरायचं होतं, पण खटला उभा राहिला की बसची नोकरी त्याच दिवशी हातातून जाते. रॉय बायकोने इस्त्री केलेला शर्ट घालून बसला होता, कॉलर गळ्याला आवळणारी.

व्हर्न साक्षीला. आवाज म्हणजे छातीत खडे. ब्रँट विचारत होता, मी टाइप करत होते.

"दार फोडलेलं होतं?"

"नाही."

"चाव्या कुणाकुणाकडे?"

"मी आणि रॉय."

"म्हणजे तुमच्या किंवा रॉयच्या चावीशिवाय आत जाणं शक्य नव्हतं."

आणि व्हर्न दाढीतल्या दाढीत म्हणाला, "तसं नाही, चावी लागते ती उन्हाळ्यात, शिकारीचा मोसम सुरू झाला की बर्फ वितळेपर्यंत आम्ही कुणीच कुलूप लावत नाही, बर्फात कुणी अडकलं तर—"

"आभारी आहे," ब्रँट म्हणाला, "आता रायफलींच्या क्रमांकांकडे वळू."

तिथंच होतं सगळं! अख्खा आरोप ज्या एका खुंटीवर टांगला होता ती खुंटी व्हर्नने स्वतः उपटून टाकली होती. कुलूपच नव्हतं तर चावी कुणाकडे होती त्याला काय अर्थ? इथं जन्मलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. पण ब्रँट पुलापलीकडचा, आणि रॉयची बचावाची वकील टेस मॅकनल्टी डेट्रॉइटची. तिच्याकडे एका वेळी साठ फायली. त्या क्षणी ती खाली वाकून दुसऱ्याच फायलीतला कागद शोधत होती. तिने ऐकलंच नाही. रॉयनेही नाही, तो टेबलाकडे बघत होता. पुढचा प्रश्न सुरू झाला. गाडी निघून चालली होती.

मला खोलीत एकाच कारणासाठी बोलायची परवानगी आहे, ऐकू आलं नाही तर. मी हात वर केला.

"माफ करा. आत्ताचं उत्तर मला ऐकू आलं नाही. साक्षीदाराने पुन्हा सांगावं, जरा मोठ्याने."

मला ऐकू आलं होतं. अक्षरन् अक्षर.

थोरसनसाहेबांनी मान हलवली. व्हर्न खाकरला आणि या वेळी पार मागच्या बाकापर्यंत पोचेल असं म्हणाला, "म्हटलं, मोसमात कुलूप लावतच नाही आम्ही! कुणीही या, चूल पेटवा. गोठून मरू नका म्हणजे झालं. माझ्या बापापासून चालत आलंय!" मागे कुणीतरी हसलं. टेसने मान वर केली. कागद तिच्या हातातच राहिला.

पुढे तिने जे केलं ते बघायला मजा आली. नऊ प्रश्न विचारले. कुलूप नव्हतं ना? कधीपासून कधीपर्यंत? हे किती जणांना ठाऊक? "सगळ्यांना," व्हर्न म्हणाला, "तुम्ही दोघं सोडून."

शुक्रवार, १२ सप्टेंबर

रॉय सुटला! खटल्याइतका पुरावा नाही, जजसाहेबांनी सकाळीच सांगितलं. त्याच्या बायकोने तिथल्या तिथं त्याच्या कॉलरचं बटण सोडलं.

शनिवार, १३ सप्टेंबर

एकशे एकसष्ट! एकशे एकसष्ट! एकशे एकसष्ट!

लमार स्क्रीनवर नाचला. गिरणीतले बूट घालून. त्याचं स्वतःचं अजून एकशे एकोणसाठ, पण तो नाचला.

मंगळवार, १६ सप्टेंबर

सकाळी शाळेची बस समोरून गेली. रॉयने दोन बोटं वर केली, सगळ्यांना करतो तशी. मी कोण, काय केलं, त्याला काही ठाऊक नाही. बरं आहे तेच. दिवसभर पाय जमिनीवर नव्हते माझे.

गुरुवार, १८ सप्टेंबर

ब्रँट वरच्या कोर्टात जातोय. सुनावणीची संपूर्ण नोंद मागितली आहे, प्रमाणित प्रत, दहा दिवसांत. प्रत मीच काढायची. शेवटच्या पानावर मीच सही करायची की ही नोंद पूर्ण आणि खरी आहे.

मशीन उघडलं आणि त्या जागेपर्यंत आले.

बोटांनी पहिलं उत्तर टिपलं होतं. सगळं. स्वल्पविरामांसकट! डोकं ठरवत होतं तोवर बोटं आपलं काम करून मोकळी. म्हणजे कागदावर असं दिसतं – व्हर्नचं पूर्ण उत्तर. खाली ब्रँट. त्याच्या खाली मी, "मला ऐकू आलं नाही." त्याच्या खाली व्हर्न पुन्हा. कुणीही वाचलं तरी विचारेल, ऐकू आलं नाही तर ही पहिली ओळ कुणी लिहिली?

शनिवार, २० सप्टेंबर

सराव परीक्षा दिली. एकशे त्रेसष्ट. आनंद झाला नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

ती ओळ ठेवली तर ब्रँटला दिसणार. कोर्टाच्या स्टेनोने बाजू घेतली म्हणून तो बोंब मारणार, माझा परवाना जाणार, आणि लॉ स्कूलच्या अर्जात एक रकाना आहे – तुमच्यावर कधी व्यावसायिक कारवाई झाली आहे का? संपलंच.

काढली तर कुणालाही कळणार नाही. मशीनमधल्या माझ्या खुणा माझ्याशिवाय इमारतीत कुणाला वाचता येत नाहीत.

हे लिहिलं आणि लगेच वही बंद करून भांडी घासायला गेले. घासलेलीच पुन्हा घासली.

मंगळवार, २३ सप्टेंबर

लमारला विचारलं. सरळ नाही. सरावाचा प्रश्न म्हणून सांगितलं – एका ग्रंथपालाने म्हणे एक पुस्तक दोनदा नोंदवलं. दोन्ही नोंदी हुबेहूब. त्यातली एक खोडली तर वाचकाचं काही नुकसान नाही, कारण पुस्तक यादीत आहेच. म्हणून खोडण्यात गैर नाही. फट कुठे आहे?

लमारने डोकं खाजवलं. "कोर्टवाल्या बाई, माणसाने आधी ठरवलंय काय करायचं आणि मग कारणं गोळा केलीत, असं वाटतं."

"ते पर्यायात नाही."

"बरं. दोनदा का नोंदवलं होतं?"

"ते उताऱ्यात दिलेलं नाही."

"मग तेच तर लपवलंय की! कुठल्या परीक्षेतला प्रश्न हा? मला पाठव ना."

म्हटलं, पान फाटलंय.

गुरुवार, २५ सप्टेंबर

गंमत बघ. महिन्याभरापूर्वी मला ग्रंथालय आणि चोऱ्या एवढं कळत नव्हतं. आज बचावासाठी चार मुद्दे तयार आहेत, एकाहून एक सरस. व्हर्न जे बोलला ते नोंदीत आहेच, एकदा आहे, म्हणजे काही गाळलं नाही. लोक अडखळतात, तेच तेच बोलतात, सगळेच स्टेनो थोडं साफसूफ करतात. निकाल बरोबर होता, तो या ओळीवर अवलंबून नाही. आणि माझी चूक लपवण्यासाठी नाही, रॉयसाठी करतेय मी, कारण ओळ राहिली तर ब्रँट तिच्याच आधाराने निकाल उलटवेल. हात ठेवून, झाकून, मोठ्याने बोलून तपासले मुद्दे. एकातही फट सापडेना.

बाबांना मात्र वाचून दाखवले नाहीत.

शनिवार, २७ सप्टेंबर

काढली. सही केली. पाठवली.

चाळीस सेकंदांचं काम. एक कळ दाबली आणि ओळ गेली, खालच्या ओळी वर सरकल्या, जणू ती कधी नव्हतीच. मग "पूर्ण आणि खरी" याच्या खाली माझं नाव, परवान्याचा क्रमांक, तारीख.

सराव परीक्षा – एकशे सहासष्ट. तर्कात पाचच चुका.

मंगळवार, ३० सप्टेंबर

बाबा म्हणाले, "तोंड का असं आंबट?" परीक्षा आहे म्हटलं. "ती चार दिवसांवर आहे. हे तोंड दहा दिवस बघतोय मी." त्यांच्यावर खेकसले. ते उठून बाहेर लाकडं रचायला गेले, आधीच रचलेली. नंतर जाऊन सॉरी म्हटलं. मानेनेच बरं म्हणाले.

शनिवार, ४ ऑक्टोबर

झाली. तर्काचे तीन विभाग आले – एक त्यांच्या प्रयोगासाठी असतो, मोजत नाहीत, पण कुठला ते सांगत नाहीत. तिन्ही सारखेच गेले. हात शांत, घड्याळाकडे बघावंसुद्धा लागलं नाही. एका प्रश्नात एक बाई आपल्या चुकीचं समर्थन करत होती आणि समर्थनातला दोष शोधायचा होता. पंधरा सेकंदांत सापडला. पुढे गेले.

लमारचा फोन. त्याचाही चांगला गेला म्हणतो. आवाजावरूनच कळत होतं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

पहिलं बर्फ. कोर्टात आता पुन्हा काही ऐकू येत नाही. मुद्दाम. कानातून बोटांत, मध्ये काही नाही. तरी व्हर्नचा आवाज मधूनच येतो, पहिल्या वेळचा, दाढीतल्या दाढीतला. तो आता फक्त माझ्याच डोक्यात आहे, दुसरीकडे कुठंही नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

वरच्या कोर्टाने ब्रँटचं अपील फेटाळलं. रॉय पक्का सुटला. जिन्यावर टेस भेटली. "मार्लिस, त्या दिवशी तुमचा कान चुकला म्हणून वाचलो हो आम्ही!" म्हणाली, आणि माझा दंड दाबला. मी हसले. असं हसणं मला जमतं हे मला ठाऊक नव्हतं.

म्हणजे झालं ना आता? कुणाचंही वाकडं झालं नाही. मग मी पहाटे चारला उठून खिडकीशी का उभी असते?

बुधवार, २९ ऑक्टोबर

एकशे अडुसष्ट.

बाबांनी आकडा कागदावर लिहून मागितला, चष्मा लावून वाचला, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. मग संध्याकाळी फोनवर हेल्मी आत्याला सांगताना ऐकलं, "आमची मार्लिस वकील होणार." मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. आनंदाने म्हणावं तर तसं नाही. लमारला एकशे त्रेसष्ट, तो फोनवरच रडला आणि मग आपल्या पोरांना घेऊन पिझ्झा खायला गेला. त्याचं रडू खरं होतं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

साहेबांना आकडा सांगितला. जागेवरून उठले, हात हातात घेतला. पत्र तयार आहे म्हणाले, केव्हाच लिहून ठेवलंय. फक्त या आठवड्यात वरच्या कोर्टातून लाहतीची फाइल परत आलीय, ती एकदा नजरेखालून घालतो, उद्या सकाळी कॉफीला ये.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

टेबलावर दोन कागद होते. एक पत्र, तारीख १२ सप्टेंबर. दुसरा माझ्या प्रमाणित नोंदीचं अकरावं पान.

पत्र वाचायला दिलं. त्यात लिहिलंय – त्या दिवशी साक्षीदाराचं उत्तर माझ्या पडद्यावर शब्दन् शब्द उमटलं होतं, आणि तरी तिने ऐकू आलं नाही असं सांगून त्याला ते पुन्हा बोलायला लावलं. ते मी करायला हवं होतं. मी ऐकूनही गप्प बसलो, ती बसली नाही. अशी माणसं वकिलीत यायला हवीत.

माझं टायपिंग त्याच क्षणी, खुणांचे साधे शब्द होऊन, त्यांच्या पडद्यावर दिसतं. अठरा वर्षं दिसतंय. ते तिथं हवामान बघत बसतात असं मी धरून चालले होते.

"ब्रँटने काही म्हटलं असतं तर मी हेच वरच्या कोर्टाला सांगणार होतो," साहेब म्हणाले. आवाज अगदी हळू. "पण आता हे पत्र आणि तुझं हे पान, दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत. मार्लिस, यातलं खोटं कोणतं, ते तू सांग."

ओळ ठेवली असती तर काही झालं नसतं.

कॉफी घेतली नाही.

"पत्र खरं आहे," मी म्हटलं.